श्रीनिवृत्तिनाथ महाराज आणि वारकऱ्याच्या गळ्यातली माळ

पौष वद्य एकादशी जवळ आली की नाशिककडच्या वाटा टाळमृदंगांनी भरून जातात. खानदेशातून, नगरकडून, सिन्नर-निफाड-दिंडोरीच्या गावागावांतून दिंड्या निघतात आणि थंडीचा कडाका असताना त्र्यंबकेश्वरी श्रीनिवृत्तिनाथ महाराजांच्या समाधीपुढे येऊन दाखल होतात. नाशिकपासून त्र्यंबक सुमारे २८ किलोमीटर. कुशावर्तात स्नान करावे, त्र्यंबकराजाचे दर्शन घ्यावे आणि मग ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी नाथांच्या समाधीला माथा टेकवावा, असा बहुतेकांचा क्रम.

या क्रमात वारकऱ्याला एक गोष्ट हमखास दिसते. त्र्यंबकराजाच्या देवळाभोवतीची दुकाने रुद्राक्षांनी भरलेली असतात आणि त्यांच्यापुढून जाणाऱ्या वारकऱ्याच्या गळ्यात मात्र तुळशीची माळ असते. मग शंका निघतात. तुळशीची चांगली की रुद्राक्षाची? माळ दुकानातून घेऊन आपल्याच हाताने घातली तर चालते का? घातली आणि पुढे नेम पाळता आला नाही तर पाप लागते का? घरचे नको म्हणत असतील तर काय करावे? यात्रेच्या दिवसांत हे प्रश्न आम्हांला नेहमी विचारले जातात. आज त्यांची उत्तरे नुसती नियमावली सांगून द्यायची नाहीत, असे आम्ही ठरविले आहे. ज्यांच्या समाधीला आपण जातो त्यांचे चरित्रच नीट पाहू. त्यात उत्तरे आहेत.

श्रीनिवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५, म्हणजे इ. स. १२७३ मधला, असे बहुतेक मानतात. कोणी शके ११९० हा शक धरतात. घराणे पैठणजवळच्या आपेगावच्या कुलकर्ण्यांचे. पणजोबा त्र्यंबकपंतांवर गोरक्षनाथांची कृपा झाली होती आणि आजोबा गोविंदपंत व आजी निराबाई यांना गहिनीनाथांचा अनुग्रह होता, अशी परंपरा सांगते. म्हणजे नाथपंथ या घरात आधीपासूनच वस्तीला होता. आणि पणजोबांचे नावच त्र्यंबक! पुढे जे घडले ते त्र्यंबकाच्या डोंगरात, हा योग भाविकाने ध्यानात ठेवावा.

वडील विठ्ठलपंत हे विरक्त वृत्तीचे. तीर्थयात्रा करीत ते आळंदीस आले. तिथल्या सिधोपंत कुलकर्ण्यांनी आपली कन्या रुक्मिणी त्यांना दिली. पण पंतांचे मन प्रपंचात रमेना. संन्यास घ्यायचा, हा एकच ध्यास. रुक्मिणीबाईंचे मन पुरते वळले नव्हते. तरी एके दिवशी पंत निघाले, काशीला गेले आणि आपण एकटेच आहोत असे भासवून संन्यास घेऊन मोकळे झाले. पुढे त्यांचे गुरू यात्रेस निघाले असता आळंदीत उतरले. रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला तेव्हा त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि सगळा उलगडा झाला. गुरूंनी काशीस परत जाऊन शिष्याला आज्ञा केली की, घरी जा आणि संसार कर. पंतांनी गुरुआज्ञा मानली. पण गावाने काही मानले नाही. संन्याशाने पुन्हा संसार मांडला म्हणून घर वाळीत पडले. त्या वाळीत पडलेल्या घरात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई अशी चार रत्ने जन्माला आली.

आम्ही ही कथा मुद्दाम लांबवून सांगितली. विठ्ठलपंतांना नावे ठेवण्याचा अधिकार आपणां कोणालाच नाही, ज्यांच्या पोटी ज्ञानोबामाउली आली त्यांना आपण काय बोलणार! पण या घरातल्या थोरल्या मुलाने लहानपणापासून काय पाहिले, ते बघा. घरच्यांची संमती पुरती न घेता घेतलेले एक व्रत, आणि त्याची झळ सोसणारे सगळे घर. बाहेर गेले तर सावली टाळणारे लोक, घरात आईचे डोळे पुसणे. व्रत म्हणजे काय आणि ते कोणाच्या जिवावर उभे राहते, हे निवृत्तिनाथांना कोणी शिकवावे लागले नाही.

माळेविषयी पहिली गोष्ट इथेच निघते. माळ हे व्रत आहे. वारकऱ्याने माळ घातली की मद्यमांस सुटले, एकादशी आली, रोजचा हरिपाठ आला, पंढरीची वारी आली. ही सारी कामे एकट्या माणसाच्या हाती नसतात. एकादशीचा फराळ घरातली कोणी तरी करते, वारीला गेलेल्याच्या मागे गोठ्यातली जनावरे कोणी तरी सांभाळते. म्हणून माळ घालणाऱ्याने आधी घरात बोलावे. बायकोने नवऱ्याशी, नवऱ्याने बायकोशी, मुलाने आईबापांशी. चार महिने थांबावे लागले तरी थांबावे. रुसून, भांडून, कोणाला दाखवून देण्यासाठी घातलेली माळ घराच्या गळ्याला फास होते. आणि घर राजी झाले की तीच माळ सगळ्या घराची होते. एकाने घातली की वर्षा-दोन वर्षांत घरातली बाकीची माणसे आपण होऊन मान पुढे करतात, हे गावोगाव पाहायला मिळते.

आता त्र्यंबकाकडे वळू. वाळीत पडलेले विठ्ठलपंत बायकामुलांसह त्र्यंबकेश्वरी आले आणि ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करू लागले. हा डोंगर गोदामाईच्या उगमाचा. आजही श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, या प्रदक्षिणेला मोठी गर्दी होते. पण सातशे वर्षांपूर्वीचे ते रान! प्रदक्षिणा चालली असता वाघ आडवा आला. सगळे जीव घेऊन पळाले. सावरून पाहतात तो थोरला निवृत्ती बरोबर नाही. आईबापांची काय अवस्था झाली असेल ते लेकुरवाळ्यांनीच समजावे. इकडे निवृत्ती एका गुहेत शिरला होता आणि त्या गुहेत श्रीगहिनीनाथ बसले होते. सात दिवस तो तिथे राहिला. गहिनीनाथांनी त्याला जवळ घेतले, योगमार्गाचे वर्म सांगितले आणि त्याबरोबर श्रीकृष्णाची उपासना व नाम देऊन ते जगाला वाटण्याची आज्ञा केली. आठव्या दिवशी मुलगा परत आला तो निवृत्तिनाथ होऊन आला.

ही परंपरा कशी आहे ते एकदा मोजून पाहा. आदिनाथ म्हणजे साक्षात शंकर, तेथून मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव. वरच्या टोकाला कैलासीचा राणा आणि खालच्या टोकाला पंढरीच्या वाळवंटात नाचणारा वैष्णवांचा मेळा. नाथपंथी म्हटला की कानात मुद्रा, गळ्यात शैली-शृंगी आणि रुद्राक्ष. वारकरी म्हटला की कपाळी गोपीचंदन-बुक्का आणि गळ्यात तुळस. या दोघांचा सांधा जिथे जुळला ते ठिकाण म्हणजे ब्रह्मगिरीची ती गुहा, आणि सांधणारे हात निवृत्तिनाथांचे. तेव्हा रुद्राक्ष श्रेष्ठ की तुळस श्रेष्ठ असा वाद त्र्यंबकाच्या बाजारात घालणारा मनुष्य आपल्याच परंपरेची दोन टोके एकमेकांविरुद्ध ओढीत असतो. त्र्यंबकराजाच्या पिंडीत तरी काय आहे? इतर ज्योतिर्लिंगांसारखा वर आलेला एक बाण तिथे नाही. खळग्यात ब्रह्मा, विष्णू आणि महेश अशी तीन लहान लिंगे आहेत. हरि आणि हर एकाच जागी नांदतात. पंढरीनाथाच्या मस्तकी शिवलिंग आहे, ही संतांची धारणा आपण सारे जाणतोच. तोंडाने हरिहर एक म्हणायचे आणि रुद्राक्षधाऱ्याला पाहून नाक मुरडायचे, हे वारकऱ्याला शोभत नाही.

मग वारकऱ्याने तुळसच का घ्यावी? आमच्या मते याचे उत्तर पैठणच्या प्रसंगात आहे. मुले मुंजीच्या वयाची झाली. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरी वाट नाही असे सांगितले. मुलांना तरी जातीत घेतील या आशेने विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी प्रयागी गंगेत देह अर्पण केले. पोरकी झालेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. रेड्यामुखी वेद बोलल्याची कथा तिथलीच. शके १२०९, म्हणजे इ. स. १२८७ मध्ये शुद्धिपत्र मिळाल्याचे सांगतात. पण गळ्यात जानवे पडावे म्हणून आईबापांनी जीव दिला, ही जखम काही भरून येणारी नव्हती.

ज्या मुलांना एक दोरा मिळवताना आईबाप गमवावे लागले, त्यांनी पुढे कोणता मार्ग उजळला, ते पाहा. त्या मार्गातला दोरा कोणालाही नाकारला जात नाही. त्यात गोरोबाकाका कुंभार आले, सावतामहाराज माळी आले, नामदेवराय शिंपी आले, चोखोबाराय आले, जनाबाई आल्या. माळेला जात विचारली जात नाही, माळेला बाईमाणूस-पुरुषमाणूस कळत नाही. आणि तुळस तरी कुठली? अंगणातल्या वृंदावनातली! तिच्यासाठी दूरदेशी जावे लागत नाही, सावकाराकडे हात पसरावा लागत नाही. ज्याच्या घरी काही नाही त्याच्या घरीही तुळस असते. रुद्राक्ष हे एका झाडाच्या फळातले बी. ते नेपाळातून, इंडोनेशियातून येते. ते पवित्र आहेच. पण सगळ्यांना सारखे परवडेल आणि दारात उगवेल असे साधन हवे असेल तर ते तुळशीकाष्ठ. वारकरी संप्रदाय तुळशीला का बिलगला, याचे हे साधे कारण आहे.

माळ निवडताना काय पाहावे, तेही सांगतो. वारकऱ्याची माळ १०८ मण्यांची असते, आणि मधला मेरुमणी वेगळा. मणी तुळशीच्या वाळलेल्या काष्ठाचे कातून केलेले असतात. पंढरपुरात काशीकापडी समाजातली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आली आहेत. मणी फार पांढरेफेक, फार गुळगुळीत आणि एकासारखा एक असे दिसले की जरा विचारपूस करावी. दुसऱ्याच लाकडाचे मणी तुळशीचे म्हणून विकणारे आणि त्यावर रंग चढविणारे लोकही बाजारात आहेत. शक्यतो ओळखीच्या माळकऱ्याला विचारून, करणाऱ्याच्या हातून घ्यावी. घरच्या वृंदावनातली तुळस वाळली तर तिचे खोड फेकू नये. थोडे मणी जरी तिचे झाले तरी ती माळ सोन्याची. दोरा मात्र पक्का घ्यावा, कारण घाम, पाणी आणि शेतातली कामे यांत आधी दोराच कुजतो. माळ इतकी लांब नसावी की वाकताना विळ्यात, औतात किंवा यंत्रात अडकेल. कारखान्यात काम करणाऱ्यांनी तर ती सदऱ्याच्या आत घट्ट राहील अशीच ठेवावी.

ज्यांच्या घराण्यात किंवा गुरूंकडून रुद्राक्ष आला आहे त्यांनी तो आनंदाने घालावा. मात्र त्र्यंबकाच्या काय किंवा कुठल्याही क्षेत्राच्या बाजारात डोळे उघडे ठेवावेत. पंचमुखी रुद्राक्ष सर्वांत अधिक मिळतो आणि जपाला तो पुरेसा आहे. एकमुखी म्हणून हजारो रुपये सांगणारा भेटला की हात जोडून पुढे चालू लागावे. चाकूने रेघा कोरून मुखे वाढविणे, दोन तुकडे चिकटविणे, भद्राक्ष रुद्राक्ष म्हणून गळ्यात बांधणे, हे प्रकार चालतात. अमुक मणी घातला की धंदा चालेल, खटला जिंकाल असे जिथे सांगतात तिथे तर उभेच राहू नये. निवृत्तिनाथांनी त्या गुहेतून बाहेर येताना धन आणले नाही, सिद्धींचे दुकान आणले नाही. नाम आणले.

हे नाम त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही, हा त्यांच्या चरित्राचा गाभा आहे. आपल्याहून धाकट्या ज्ञानदेवांना त्यांनी उपदेश केला आणि स्वतः मागे उभे राहिले. नेवाशास त्यांच्या आज्ञेने आणि त्यांच्या समोर ज्ञानेश्वरी सांगितली गेली, शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये. पुढे स्वतंत्र ग्रंथ कर अशी आज्ञा झाली आणि अमृतानुभव अवतरला. निवृत्तिनाथांचे स्वतःचे अभंग आहेत, हरिपाठही आहे. तरी जगात डंका वाजला तो धाकट्या भावाचा, आणि त्याचे सुख थोरल्याला झाले. माळेचा मेरुमणी पाहा. जप करताना त्याला मोजीत नाहीत, त्याला ओलांडीतही नाहीत. पण दोन्ही टोके त्याच्यात येऊन मिळतात म्हणून माळ ही माळ राहते. निवृत्तिनाथ हे आमच्या संप्रदायाचे मेरुमणी आहेत, असे आम्हांला वाटते.

जप कसा करावा, हेही पुष्कळांना नीट ठाऊक नसते. गळ्यातली माळ ही धारण करण्याची, जपाची माळ शक्यतो निराळी ठेवावी. ती उजव्या हातात मधल्या बोटावर घेऊन अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढावा. तर्जनी लावू नये. मेरुमण्याशी आले की माळ फिरवून परत उलट निघावे. कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून गोमुखीत हात घालावा. १०८ मण्यांची माळ झाली तरी मोजताना शंभरच धरतात. वरचे आठ चुकल्यामाकल्याचे. ही मोठी शहाणी रीत आहे. आपले मन उडणारच, हे आधीच मान्य करून ठेवलेले आहे.

संख्येचे महत्त्व नाही असे नव्हे. याच नाशिकजवळ टाकळीस श्रीसमर्थ रामदासस्वामींनी १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे तप केले आणि तेरा कोटी रामनामाचा जप केला, असे परंपरा सांगते. हिशेब मांडला तर रोजचा जप तीस हजारांच्या घरात जातो, म्हणजे सुमारे तीनशे माळा! समर्थांची ती तपश्चर्या वंदनीय आहे. पण ज्याला पहाटे गाईची धार काढायची आहे, द्राक्षाच्या बागेत दिवसभर राबायचे आहे, त्याने हा आकडा ऐकून हातपाय गाळू नयेत. एक माळ, पण रोज. हरिपाठ, पण रोज. संध्याकाळी अंग मोडून आले असताना घेतलेल्या शंभर नामांचे मोल विठोबाला कळत नाही असे थोडेच आहे? आणि मणी पुढे सरकत असताना मन शेजाऱ्याच्या बांधावर गेले, तर मणी थांबवावा, मन आणावे आणि पुन्हा सुरू करावे. माळ ही नाम आठवण्यासाठी आहे. किती झाली हे चारचौघांत सांगण्यासाठी नाही.

माळ कोणाकडून घ्यावी? आपल्या फडावरच्या, दिंडीतल्या वडीलधाऱ्या महाराजांकडून घ्यावी. ज्ञानेश्वरीवर, संतांच्या समाधीवर किंवा श्रीविठ्ठलाच्या चरणी ठेवून मग ती गळ्यात घालतात. निवृत्तिनाथांनाही ज्ञान गुरुमुखातूनच मिळाले. नेम सांगणारा आणि चुकले तर कान धरणारा कोणी तरी असावा, यासाठी ही रीत आहे. दोरा तुटला तर अपशकुन मानून घाबरू नये. मणी गोळा करावेत, कमी पडले तर नवे घ्यावेत आणि ओवून घालावी. कित्येक माळकरी माळ ओवून होईपर्यंत अन्न घेत नाहीत, ती त्यांची निष्ठा. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर काढा म्हणाले तर निमूट काढावी आणि बरे वाटताच पुन्हा घालावी.

पण एका गोष्टीबद्दल आम्हांला कठोर बोलावेसे वाटते. काही मंडळी आखाडात, लग्नकार्यात किंवा दोस्तांच्या बैठकीत माळ काढून खुंटीला टांगतात, हवे ते खातात-पितात आणि दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन माळ पुन्हा गळ्यात घालतात. माळ खुंटीला आणि नेमही खुंटीला! यापेक्षा न घातलेली बरी. याच्या उलट, ज्याच्या हातून खरोखर चुकून नेम मोडला आणि ज्याला त्याची टोचणी लागली, त्याने माळ टाकून देऊ नये. महाराजांना जाऊन सांगावे, क्षमा मागावी आणि पुढे चालावे. फसवणारा आणि घसरणारा यांत अंतर आहे. घसरणाऱ्याला संत हात देतात.

निवृत्तिनाथांचा शेवटचा काळ मनाला चटका लावणारा आहे. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, म्हणजे इ. स. १२९६ मध्ये, आळंदीत ज्ञानदेवांनी समाधी घेतली. थोरला भाऊ आणि गुरू या दोन्ही नात्यांनी त्यांना समाधीच्या आसनापर्यंत निवृत्तिनाथांनीच नेले. महिनाभरात मार्गशीर्षात सासवडला सोपानकाका गेले. पुढच्या वैशाखात तापीतीरी मेहूण येथे विजेच्या कल्लोळात मुक्ताई गुप्त झाली. आईबाप आधीच गेलेले, आता तिन्ही धाकटी भावंडे गेली. सहा महिन्यांत घर रिकामे झाले. नामदेवराय आणि संतमंडळी बरोबर होती. नाथांनी पावले वळविली ती त्र्यंबकाकडे. लहानपणी ज्या डोंगरात ते हरवले होते आणि सापडले होते, त्याच डोंगराच्या पायथ्याशी शके १२१९ च्या ज्येष्ठ वद्य द्वादशीला, म्हणजे इ. स. १२९७ मध्ये, त्यांनी समाधी घेतली. मेरुमण्याशी येऊन माळ पुरी झाली.

दर वर्षी ज्येष्ठात त्यांची पालखी त्र्यंबकाहून निघते आणि नाशिक, सिन्नर, नगर, करमाळा असे मुक्काम करीत पंढरीस पोचते. पौषात मात्र आपण त्यांच्याकडे जायचे. यंदा जे प्रथमच जात असतील त्यांना आमचे सांगणे एवढेच की, बाजारातून माळ घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण गळ्यात घालण्याआधी घरात एक शब्द बोला, वडीलधाऱ्या महाराजांना विचारा, नाथांच्या समाधीवर ती ठेवा आणि एवढा एक नेम मागून घ्या की, जे झेपेल तेवढेच घेईन, पण घेतलेले सोडणार नाही. ज्यांची माळ जुनी आहे त्यांनी दोरा तपासून घ्यावा. बाहेरचा आणि आतलाही.

रामकृष्णहरि!